मांजराच्या डोळ्यांचा वैमानिक: जॉन कनिंगहॅमच्या युद्धकाळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या रात्रीच्या हवाई लढाईवर काही लिहिलं की वाचकांकडून साधारण तेच प्रश्न येतात. गाजराचा प्रश्न तर हमखास येतो. म्हणून ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून मधे मधे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, तो जरूर पाहा.

१. हा जॉन कनिंगहॅम नक्की कोण?

ब्रिटिश हवाई दलाचा नाइट फायटर वैमानिक. त्याच्या नावावर शत्रूची २० विमानं आहेत, त्यातली १९ रात्री पाडलेली. जन्म २७ जुलै १९१७, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनचा. शिक्षण डी हॅविलँड या विमान कंपनीच्या तंत्रशाळेत झालं आणि पुढे तिथेच तो हलक्या विमानांचा चाचणी वैमानिक झाला.

१९३५ मध्ये तो हेंडनच्या ६०४ स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. ही राखीव दलाची तुकडी होती. आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि शनिवार-रविवार विमान उडवायचं, असा तिथला शिरस्ता. युद्ध सुरू झालं तेव्हा तो २२ वर्षांचा होता. १९४४ मध्ये, २६ व्या वर्षी, तो ग्रुप कॅप्टन झाला. डीएसओ हे पदक त्याला तीनदा मिळालं, डीएफसी दोनदा.

२. नाइट फायटर म्हणजे नेहमीचंच लढाऊ विमान, फक्त रात्री उडवलेलं, असंच ना?

१९४० च्या शरद ऋतूत ब्रिटिशांनी नेमकं तेच करून पाहिलं. दिवसा पराक्रम गाजवणारी स्पिटफायर आणि हरिकेन विमानं रात्री वर पाठवली. फार काही हाती लागलं नाही. स्पिटफायरच्या नाकासमोरून निघणाऱ्या इंजिनाच्या ज्वाळांनी वैमानिकाचेच डोळे दिपायचे. चाकं जवळजवळ असल्यामुळे अंधारात उतरताना जीव मुठीत धरावा लागायचा. आणि एवढ्या मोठ्या आकाशात एकटा माणूस शोधणार तरी काय?

खऱ्या अर्थाने नाइट फायटर म्हणजे दोन इंजिनांचं, दोन माणसांचं, तासन् तास हवेत राहू शकणारं, भरपूर तोफा असलेलं आणि स्वतःच्या पोटात रडार घेऊन उडणारं विमान. यातला दुसरा माणूस महत्त्वाचा. त्याच्याबद्दल प्रश्न ८ मध्ये.

३. जर्मन विमानं रात्रीच का यायची?

कारण १९४० च्या उन्हाळ्यात दिवसा येऊन त्यांनी सपाटून मार खाल्ला होता. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. १४ नोव्हेंबरच्या रात्री सुमारे ५०० विमानांनी कॉव्हेंट्री शहर भाजून काढलं, ५०० हून अधिक माणसं गेली. त्या रात्री वर गेलेली ब्रिटिश लढाऊ विमानं रिकाम्या हाताने परतली. या दोन वाक्यांत त्या हिवाळ्यातल्या इंग्लंडची सगळी हतबलता आहे. खाली लोक तळघरात बसून वरची घरघर ऐकत होते आणि वर त्यांच्या बाजूने कुणी काही करू शकत नव्हतं. कनिंगहॅमचं नाव एवढं का गाजलं, हे समजून घ्यायचं तर ही हतबलता आधी ध्यानात घ्यावी लागते.

४. त्याने पहिलं विमान कधी पाडलं?

कॉव्हेंट्रीनंतर पाचच रात्रींनी, १९-२० नोव्हेंबर १९४० च्या रात्री. विमान ब्यूफायटर, म्हणजे प्रश्न २ मधल्यासारखं खरं नाइट फायटर, मागे रडारवर सार्जंट फिलिपसन. सर्चलाइटचे झोत एका जागी गोळा झालेले दिसले म्हणून तो तिकडे वळला, फिलिपसनला पडद्यावर खूण मिळाली आणि दक्षिण किनाऱ्याकडे एक युंकर्स ८८, म्हणजे जर्मन बॉम्बर, पडलं.

विमानातल्या रडारच्या मदतीने पाडलेलं हे जगातलं पहिलं विमान, असं काही जण लिहितात. ते बरोबर नाही. तो मान जुलै १९४० मधल्या ग्लिन अ‍ॅशफील्डच्या ब्लेनहाइमकडे जातो. पण ब्लेनहाइमला वेग नव्हता आणि पोटाखाली जेमतेम चार मशीनगन होत्या. ब्यूफायटर आल्यावर हे काम नशिबावर सोडायची गरज उरली नाही.

५. तो भरपूर गाजरं खायचा म्हणून त्याला अंधारात दिसायचं, हे खरं आहे का?

नाही. आणि हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी ही गोष्ट सांगितली होती. घरी आई गाजराची कोशिंबीर वाढताना तिचाच आधार घ्यायची. कॉलेजात जाईपर्यंत मी ती खरी मानत होतो, आणि तुमच्यापैकी अनेकांची पत्रं वाचून वाटतं की ती आजही घराघरांत चालू आहे.

झालं असं. १९४१ च्या सुरुवातीला कनिंगहॅम एकामागून एक विमानं पाडू लागला. वर्तमानपत्रांना त्याचं कारण हवं होतं. खरं कारण होतं विमानातलं रडार, आणि ते कडेकोट गुपित होतं. मग सरकारी प्रचारखात्याकडून बातमी सोडली गेली की या पोराची नजर विलक्षण आहे, त्याला रात्री मांजरासारखं दिसतं. पत्रकारांनी त्याचं नाव 'कॅट्स आइज' ठेवलं. त्याच सुमारास अन्नखातं लोकांना गाजर खायला लावण्याच्या खटपटीत होतं. साखरेचं रेशनिंग होतं आणि गाजरं मुबलक होती. 'डॉक्टर कॅरट' नावाचं व्यंगचित्रातलं पात्रही त्यासाठी निघालं. रस्त्यावर ब्लॅकआउट, दिवे बंद, लोक अंधारात ठेचकाळत होते. गाजर खा, अंधारात दिसेल, वैमानिकांचंच बघा ना, असा सगळ्याचा मेळ बसला.

जर्मन फसले का? त्यांच्याकडे १९४० मध्येच स्वतःची उत्तम रडारयंत्रणा होती. गाजराच्या गोष्टीवर त्यांचे तंत्रज्ञ विश्वासले असतील, असं मानायला मला काही आधार दिसत नाही. फसली ती सामान्य जनता, आणि ८० वर्षांनंतर आपण.

शास्त्र एवढंच सांगतं: अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो आणि अशा माणसाला गाजराचा, पालेभाज्यांचा फायदा होतो. ज्याला ते पुरेसं मिळतं त्याने गाजरांचं पोतं संपवलं तरी नजर वाढत नाही.

कनिंगहॅमला स्वतःला हे टोपणनाव आवडत नसे. का आवडत नसे ते प्रश्न ८ वाचल्यावर आपोआप कळेल.

६. म्हणजे डोळ्यांचा काहीच संबंध नव्हता?

होता, आणि शेवटच्या काही सेकंदांत सगळा डोळ्यांचाच खेळ होता. पण ती सवय होती, जन्मजात देणगी नव्हे.

अमावास्येच्या आसपास गावाकडच्या गच्चीवर जाऊन हे स्वतः करून पाहा. घरातल्या दिव्यातून एकदम बाहेर आलात तर पहिली पाच मिनिटं काळं ठिक्कर. वीस-तीस मिनिटं तसंच बसा, मोबाइल अजिबात न उघडता. हळूहळू कठड्याची कड दिसेल, मग शेजारच्या आंब्याचा आकार, मग वाळत टाकलेलं कापड. आता एखाद्या अंधुक ताऱ्याकडे थेट बघा, तो नाहीसा होईल. नजर किंचित बाजूला न्या, तो परत येईल. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नसतात, कडेला असतात.

नाइट फायटर वैमानिक नेमकं हेच शिकत. उड्डाणाआधी मंद लाल उजेडात किंवा गडद चष्मे लावून बसायचं, म्हणजे डोळे अंधाराला तयार राहतात. वर गेल्यावर लक्ष्याकडे टक लावून न बघता नजर त्याच्या आजूबाजूला फिरवायची. आणि शक्यतो खालून बघायचं, कारण वरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर विमान काळ्या डागासारखं उठून दिसतं. खालच्या काळ्या जमिनीवर ते विरघळून जातं.

७. रडार होतं म्हटल्यावर शत्रू सापडणं सोपंच ना?

रडार या शब्दाने आज डोळ्यांसमोर नकाशासारखा स्वच्छ पडदा येतो. कनिंगहॅमच्या ब्यूफायटरमधलं एआय मार्क चार नावाचं यंत्र तसं नव्हतं.

ऑपरेटरसमोर दोन छोट्या गोल काचा. एकीत हिरवी उभी रेघ, दुसरीत आडवी. समोर विमान असेल तर रेघेवर एक बारीक फुगवटा उमटायचा. उभ्या रेघेवर तो उजव्या अंगाला जास्त फुगला तर शत्रू उजवीकडे. आडव्या रेघेवर वरच्या अंगाला जास्त तर शत्रू वर. रेघेच्या बुडापासून फुगवटा किती लांब, त्यावरून अंतर. ही तीन उत्तरं दोन काचांवरून काढायची, मनात त्यांचं एक चित्र जुळवायचं आणि ते क्षणात शब्दांत सांगायचं. तेही विमान वळत, हेलकावे खात असताना.

वर आणखी दोन अडचणी. त्या रडारच्या लहरींची लांबी सुमारे दीड मीटर, त्यामुळे झोत सगळीकडे पसरायचा आणि जमिनीवरूनही परत यायचा. पडद्यावर त्याचं झाडासारखं पसरलेलं लखलखीत जाळं दिसायचं आणि त्यापलीकडचं सगळं गडप. म्हणजे तुम्ही जमिनीपासून जितके उंच, साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत तुम्हाला समोरचं दिसणार. १०,००० फुटांवर असाल तर दोन मैलही नाही. दुसरी अडचण उलट टोकाची: शत्रू सुमारे ४०० फुटांच्या आत आला की खूण रेघेच्या बुडातल्या गोंधळात मिसळून जायची. तिथून पुढे डोळे.

इतक्या लहान टापूत शत्रूला आणून सोडायचं तर जमिनीवरून कुणीतरी वाट दाखवायला हवी होती. किनाऱ्यावरची जुनी रडार केंद्रं समुद्राकडे तोंड करून उभी. शत्रू आत शिरला की ती आंधळी. म्हणून १९४०-४१ च्या हिवाळ्यात नवी केंद्रं उभी राहिली, जीसीआय नावाची. त्यांचा अँटेना गोल फिरायचा. सुरुवातीला तो माणसं पायडल मारून फिरवत, यावर आज विश्वास बसत नाही. कंट्रोलरसमोरच्या गोल पडद्यावर शत्रू आणि आपलं विमान असे दोन्ही ठिपके दिसत. कनिंगहॅमची तुकडी मिडल वॉलपच्या तळावर होती आणि तिला मार्ग दाखवणारं केंद्र सॉपलीला. तिथला कंट्रोलर जॉन ब्राऊन. हवाई दलातल्या अनेक मुलीही अशा केंद्रांवर पडद्यासमोर आणि नकाशाच्या टेबलाशी रात्रपाळी करत.

७ मे १९४१ च्या रात्री राजा सहावा जॉर्ज आधी मिडल वॉलपला आणि मग सॉपलीला आला. त्याच रात्री, तो केंद्रात असताना, ब्राऊनने कनिंगहॅमला हाइंकेल १११ या जर्मन बॉम्बरच्या मागे नेऊन सोडलं आणि ते विमान पडलं.

८. रॉन्स्ली कोण? त्याचं नाव फारसं ऐकलेलं नाही.

नेमकी हीच माझी तक्रार आहे.

सेसिल फ्रेडरिक रॉन्स्ली, सगळे त्याला जिमी म्हणत. जन्म १९०४ चा, म्हणजे कनिंगहॅमपेक्षा १३ वर्षांनी मोठा. युद्धाआधी तोही ६०४ मधला हौशी, शनिवार-रविवारचा सैनिक. हॉकर डेमन नावाच्या उघड्या, दोन पंखी विमानात कनिंगहॅम पुढे बसायचा आणि रॉन्स्ली मागे मशीनगनवर. ब्यूफायटर आलं आणि त्यात मागच्या मशीनगनला जागाच नव्हती. तिशी उलटलेला, बंदुकीवर हात बसलेला हा माणूस आता निरुपयोगी ठरणार होता. त्याने रडार शिकून घेतलं. १९४१ च्या सुरुवातीपासून तो पुन्हा कनिंगहॅमच्या मागे बसला, आणि तुकडी बदलली, विमान बदललं, तरी ही जोडी टिकली.

त्याची बसायची जागा विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटाखाली. वैमानिक नाकात. दोघांच्या मधे काळोखी बोळ आणि तोफांची यंत्रणा. एकमेकांचा चेहरा दिसायचा प्रश्नच नाही, कानातल्या आवाजावर सगळा कारभार. सुरुवातीच्या ब्यूफायटरमध्ये चार तोफांना प्रत्येकी ६० गोळ्यांचा ड्रम होता, तो साधारण सहा सेकंदांत रिकामा व्हायचा. मग ऑपरेटरने उठायचं, थंडीत कडक झालेल्या हातमोज्यांनी अंधारात चाचपडत जड रिकामा ड्रम काढायचा, तसाच जड भरलेला बसवायचा. आणि तेवढ्यात वैमानिकाने विमान वळवलं की पोरगं ड्रमसकट खाली बसलंच म्हणून समजा. हे उरकून लगेच पडद्याशी यायचं, कारण हरवलेला फुगवटा तोवर भलतीकडे गेलेला असायचा.

'मांजराचे डोळे' म्हणायचेच असतील तर ते रॉन्स्लीच्या समोरच्या त्या दोन काचा होत्या. वैमानिकाच्या नावापुढे २० हा आकडा लिहिण्याची पद्धत आहे, आणि ती मोडता येणार नाही हे मला कळतं. पण फिलिपसन आणि रॉन्स्ली मागे नसते तर त्या काळोखात कनिंगहॅम नुसता घिरट्या घालून परतला असता. हवाई दलाला हे ठाऊक होतं. रॉन्स्लीला डीएसओ, डीएफसी आणि दोनदा डीएफएम मिळालं. मागे बसणाऱ्या माणसाच्या छातीवर एवढी पदकं त्या काळी क्वचितच दिसायची.

९. एखादी चढाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी व्हायची?

जमिनीवरचा कंट्रोलर दिशा आणि उंची देत राहायचा. एवढ्या अंशावर वळा, एवढे फूट चढा. शत्रूच्या मागे दोन-तीन मैलांवर आणलं की विमानातलं रडार चालू करायची सूचना यायची. मग काही क्षण शांतता. मागून ऑपरेटरचा आवाज आला, खूण मिळाली, की कंट्रोलर गप्प बसायचा आणि विमानाचा ताबा जणू मागच्या माणसाकडे जायचा. थोडं डावीकडे. आणखी. आता सरळ. तो वर आहे. वेग कमी करा. अजून कमी.

खरी कसोटी या वेग कमी करण्यात. नवख्या जोड्या जोरात येत आणि शत्रूच्या पुढे निघून जात. म्हणजे शिकारी सावजाच्या बंदुकीसमोर. कनिंगहॅमचा हात इथे वेगळा होता. चाचणी वैमानिकाचाच हात तो: विमान थरथरायला लागेपर्यंत वेग उतरवायचा, पण तोल जाऊ द्यायचा नाही. शत्रूच्या बरोब्बर खाली येऊन त्याच्याच वेगाने उडत राहायचं. वर इंजिनांच्या धुराड्यांतून येणारे दोन-चार मंद लालसर ठिपके, मग पंखांची काळी कड. ओळख पटली (त्याबद्दल प्रश्न १३) की हळूच वर उचलून मागे यायचं आणि जवळून एकच मारा.

पाच-सहा सेकंदांत सगळं संपायचं. आणि बहुतेक रात्री तर ते सुरूही व्हायचं नाही. तीन-चार तास गारठून परत यायचं, एवढंच.

१०. एका रात्रीत तीन विमानं पाडली, हे वर्तमानपत्री अतिशयोक्ती तर नाही?

नाही. १५-१६ एप्रिल १९४१ ची रात्र. त्याच महिन्यात पहिलं डीएसओ जाहीर झालं.

११. ब्यूफायटर चांगलं की मॉस्किटो?

दोन्ही विमानं त्याने युद्धात उडवली. ब्यूफायटर म्हणजे अंगापिंडाने पैलवान: दोन हर्क्युलिस इंजिनं, नाकाखाली चार २० मिलिमीटर तोफा, पंखांत सहा मशीनगन. मॉस्किटो लाकडाचं, बाल्सा आणि बर्चच्या प्लायवूडचं, कितीतरी चपळ, आणि कनिंगहॅमच्या जुन्या घरचं, डी हॅविलँडचं.

माझ्या मते मोठा फरक दोघांच्या बसण्यात आणि रडारमध्ये होता. मॉस्किटोत वैमानिक आणि ऑपरेटर खांद्याला खांदा लावून बसत. आणि पुढच्या मॉस्किटोंमध्ये आलेल्या मार्क आठ रडारची लहर सुमारे १० सेंटिमीटरची, त्यामुळे झोत टॉर्चसारखा एकवटलेला. जमिनीवरून परत येणाऱ्या जाळ्याची अडचण (प्रश्न ७) जवळजवळ संपली आणि खालून उडणारी विमानंही सापडू लागली.

१२. त्याच्या २० पैकी एक विमान गोळी न लागताच पडलं असं वाचलं. मग ते कसं मोजलं?

खरं आहे. मे १९४२, दिवसाची वेळ, दाट ढग. एका हाइंकेल १११ चा पाठलाग चालला होता. दोन्ही विमानं ढगांत शिरत, बाहेर येत, वळणावर वळणं घेत होती. ब्यूफायटरला चुकवण्याच्या नादात हाइंकेल डोंगरावर आदळलं. दिवसा मिळालेलं त्याचं हे एकच यश.

नियम असा की तुमच्या पाठलागामुळे शत्रू थेट जमिनीवर गेला तर ते विमान तुमच्या खात्यात. मला हा नियम न्याय्य वाटतो. त्या ढगांत जर्मन वैमानिकाइतकाच धोका कनिंगहॅमनेही पत्करला होता, तोही तितक्याच खाली होता.

१३. अंधारात चुकून आपलंच विमान पाडलं जात नसे का?

जात असे, दोन्ही बाजूंना. आपल्या विमानांत ओळख सांगणारं यंत्र असायचं, पण ते बिघडायचं, कधी चालू करायचं राहून जायचं. म्हणून गोळी झाडण्याआधी डोळ्याने ओळख पटवायची, हा कडक दंडक होता. नुसत्या पडद्यावरच्या खुणेवर मारा नाही. प्रश्न ९ मध्ये सांगितलेलं ते खाली जाऊन, अगदी जवळून, पंखांचा आकार न्याहाळणं त्यासाठीच. त्या वेळात वरच्या विमानातल्या मशीनगनवाल्याने पाहिलं तर संपलंच. तरीही थांबायचं. हा संयम मला त्या पदकांहून मोठा वाटतो.

१४. कनिंगहॅम सर्वांत यशस्वी नाइट फायटर वैमानिक होता का? जर्मनांचे आकडे तर शंभरावर आहेत.

ब्रिटिशांमध्येही तो पहिला नाही. ब्रॅन्स बरब्रिजच्या नावावर २१ विमानं आहेत, आणि त्याचा ऑपरेटर बिल स्केल्टन. ही जोडी ८५ स्क्वाड्रनची, जिचा कनिंगहॅम एकेकाळी प्रमुख होता. बॉब ब्रॅहमची एकूण २९, त्यात रात्रीची १९.

जर्मन बाजूला हाइंट्स-वोल्फगांग श्नाउफरची १२१. हा फरक कौशल्याचा कमी आणि आकाशात किती सावज आहे याचा जास्त. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चाल केली आणि इंग्लंडवर येणारी विमानं एकदम रोडावली. उलट १९४३-४४ मध्ये ब्रिटिश बॉम्बर शेकड्यांनी जर्मनीवर जात. ३०-३१ मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गकडे ७९५ निघाले आणि ९५ परतले नाहीत. श्नाउफरसमोर रोज भरलेलं आकाश होतं. कनिंगहॅम कित्येक आठवडे एका खुणेची वाट बघत असे.

१५. पहिली १६ विमानं १९४२ च्या मध्यापर्यंत आणि पुढची चार इतक्या उशिरा, असं का?

अर्धं कारण प्रश्न १४ मध्ये आलंच. उरलेलं असं: ऑगस्ट १९४१ पासून तो ६०४ चा प्रमुख होता, १९४२ च्या मध्यावर त्याला मुख्यालयात टेबलाशी बसवलं. जानेवारी १९४३ मध्ये ८५ स्क्वाड्रन मिळालं, मॉस्किटोंचं. रॉन्स्लीही सोबत आला. तोवर शत्रूही बदलला होता. जड बॉम्बरऐवजी फॉके-वुल्फ १९० सारखी एका इंजिनाची वेगवान विमानं एकेक बॉम्ब घेऊन यायची आणि निसटायची. १९४३ मध्ये वेस्ट मॉलिंगच्या तळावरून त्याने अशी तीन पाडली. जानेवारी १९४४ च्या सुरुवातीला एक मेसरश्मिट ४१०, ते शेवटचं. त्यानंतर पुन्हा मुख्यालय.

१६. २० विमानं म्हणजे किती माणसं?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

युंकर्स ८८ मध्ये चार माणसं असत, हाइंकेल १११ मध्ये बहुधा पाच, फॉके-वुल्फमध्ये एक. काही जण पॅराशूटने उतरले आणि कैदेत गेले, बरेच जण विमानाबरोबर गेले. ती विमानं लोकवस्तीवर बॉम्ब टाकायला निघालेली होती, त्यांना अडवणं भागच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या हवाई हल्ल्यांत ब्रिटनमधले ४०,००० हून अधिक नागरिक मेले. तरीही हा आकडा लिहिताना, त्या मंद लालसर ठिपक्यांच्या वर चार-पाच तरुण बसलेले होते आणि त्यांना आपल्याखाली कुणी आहे याचा पत्ताही नव्हता, हे विसरून लिहू नये.

१७. भारताच्या आकाशात अशी रात्रीची लढाई झाली का?

झाली, कलकत्त्यावर. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी तिथे रात्री बॉम्ब टाकायला सुरुवात केली आणि माणसं शहर सोडून पळू लागली. मग रडार असलेली ब्यूफायटर तातडीने आणून डमडमला १७६ स्क्वाड्रन उभं केलं. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंगने तीन जपानी बॉम्बर पाडले. १९ जानेवारीला क्रॉम्बीने आपलं विमान पेटलेलं असतानाही हल्ला चालू ठेवला आणि मगच पॅराशूटने उडी मारली. याच यंत्रांनी, याच पद्धतीने. प्रिंग त्याच वर्षी ५ डिसेंबरला मारला गेला.

१८. युद्धानंतर कनिंगहॅमचं काय झालं? आपल्याकडे त्याचा काही संबंध आला का?

तो परत डी हॅविलँडला गेला. सप्टेंबर १९४६ मध्ये कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक जेफ्री डी हॅविलँड, जो त्याचा मित्रही होता, चाचणीत मेला आणि ती जागा कनिंगहॅमकडे आली. मार्च १९४८ मध्ये त्याने व्हॅम्पायर ५९,४४६ फुटांवर नेऊन उंचीचा विक्रम केला. याच व्हॅम्पायरची दोन माणसांची, रडारवाली एनएफ ५४ ही आवृत्ती १९५० च्या दशकात आपल्या हवाई दलाच्या १० स्क्वाड्रनला मिळाली. भारताची ती पहिली जेट नाइट फायटर. वैमानिक आणि ऑपरेटर त्यातही शेजारी शेजारी बसत.

२७ जुलै १९४९ ला, आपल्या ३२ व्या वाढदिवशी, त्याने हॅटफील्डहून कॉमेट हवेत नेलं. प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेलं ते पहिलं जेट विमान. ऑगस्ट १९५२ मध्ये लंडन-कोलंबो मार्गावर कॉमेट सुरू झालं, त्याचा एक थांबा मुंबई. सांताक्रूझला तेव्हा ज्यांनी ते बिनपंख्याचं विमान उतरताना पाहिलं, त्यांच्यापैकी कुणाकडे एखादा फोटो किंवा तिकिटाचा तुकडा असेल तर मला जरूर कळवा.